चाळीसपैकी अठ्ठावीस

चाळीसपैकी अठ्ठावीस. गेले दोन आठवडे हा आकडा डोक्यात घोळतोय. मी जळगावला घरी आहे, लॅपटॉप आहे, ऑफिसचं काम शुक्रवारी कसंबसं ढकलून दिलंय, आणि शनिवारची सकाळ मोकळी आहे. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो.

तर झालं असं होतं की, मे २००८ मध्ये पुण्यात एक पत्रकार परिषद झाली. डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे अशा चौघांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. (घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले, आणि मग त्याची चिकित्सा करणारे. 'ज्योतिषाकडे जाण्यापूर्वी' हे पुस्तक त्यांचंच.) आवाहन साधं होतं. आमच्याकडे दोनशे पत्रिका आहेत. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. त्यातल्या चाळीस आम्ही तुम्हाला पाठवू. कुठली कोणाची ते तुम्ही सांगा.

मी तेव्हा शाळेत होतो, त्यामुळे ही बातमी आली तशी गेली. खूप नंतर इंजिनीअरिंगला असताना तो शोधनिबंध वाचला. मार्च २००९ च्या 'करंट सायन्स'मध्ये आलाय. मला त्यात सगळ्यात काय आवडलं असेल तर निकाल नव्हे, त्याच्या आधीची तयारी. हुशार मुलं शाळांमधून शोधली, मतिमंद मुलं विशेष शाळांमधून, जन्मवेळा कार्यकर्त्यांनी जाऊन गोळा केल्या. मग सगळ्याला सांकेतिक क्रमांक देऊन यादी विद्यापीठात कुलूपबंद. म्हणजे ज्योतिषांना तर नाहीच, पण प्रयोग करणाऱ्यांनाही कुठली पत्रिका कोणाची ते माहीत नाही. आणि पास व्हायला किती लागणार हे गणित आधीच मांडलेलं. नाणं उडवून उत्तरं दिली तरी चाळीसपैकी वीसच्या आसपास बरोबर येणारच. अठ्ठावीस किंवा जास्त बरोबर यायची शक्यता, नुसत्या नशिबाने, शंभरात एकाहून कमी. म्हणून अठ्ठावीस.

५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली, त्यांना पत्रिका गेल्या, २७ जणांची उत्तरं परत आली. सगळ्यात जास्त गुण २४, ते एकाला. दोघांना २२. बाकी चोवीस जण वीस किंवा खाली. एका ज्योतिष संस्थेने तर दोनशेच्या दोनशे पत्रिका मागून घेतल्या होत्या. त्यांची १०२ बरोबर आली.

मी आपला इंजिनीअर माणूस, राहवलं नाही, लॅपटॉपवर हिशोब केला. सत्तावीस जणांनी प्रत्येकी चाळीस वेळा नाणं उडवलं, तर त्यातल्या तीन-चार जणांना २४ किंवा जास्त मिळायला हवेत. इथे एकालाच मिळाले. म्हणजे नाण्यांनी जरा बरी कामगिरी केली असती :-)

आता आमचे रावेरचे मामा म्हणतील (म्हणालेच आहेत) की पत्रिकेत बुद्धी दिसते का हाच मुळात वादाचा मुद्दा, जन्मवेळ पाच मिनिटांनी चुकली की लग्न बदलतं, वगैरे. जन्मवेळेचा मुद्दा मला मान्य आहे. पण ५१ जणांनी 'सांगतो' म्हणून पत्रिका मागवल्या होत्या, कोणी त्यांच्या घरी नेऊन टाकल्या नव्हत्या. माझा खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो मामांच्या बाजूने जाणारा नाही. २७ जण परीक्षेला बसलेत म्हटल्यावर त्यातला एखादा नुसत्या नशिबाने अठ्ठावीस मिळवून जायची शक्यता शंभरात एक राहत नाही, ती पाचात एक होते. आणि पास व्हायची रेघ अठ्ठावीसऐवजी सव्वीसवर मारली असती, म्हणजे मानसशास्त्रात सर्रास मारतात तिथे, तर तीनातल्या दोन वेळा कोणीतरी एक ज्योतिषी पास झालाच असता. काहीही येत नसताना. विचार करा दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली बातमी! बाकीचे सव्वीस कोणाच्या लक्षात राहिले असते?

हे आत्ताच का आठवलं, तर त्याला कारण धुळ्याची माझी मावसबहीण.

मावशी देवपूरला राहते. जळगावहून एरंडोल-पारोळा करत एसटीने गेलं की अर्धा दिवस मोडतो, पण मावशीच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी असेल तर मी तो मोडू देतो. बहीण मानसशास्त्रात एमए करतेय, शेवटचं वर्ष, प्रबंधाचं काम चालू. विषय असा की महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची चिंता, समायोजन, आत्मविश्वास असलं काहीतरी, आणि त्यात शहरी-ग्रामीण फरक, मुलगा-मुलगी फरक, कला-विज्ञान फरक. आपल्याकडे अशा विषयांचे प्रबंध किती निघत असतील याला गणती नसावी. नाव बदला, तालुका बदला, नवा प्रबंध तयार. पण पोरीने कष्ट खरे केलेत. साक्री आणि शिरपूरच्या बाजूला बसने जाऊन, वर्गावर्गांत उभं राहून प्रश्नावल्या भरून घेतल्यात. दोन कॉलेजांनी परवानगीसाठी महिनाभर फिरवलं.

जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "दादा, जरा बघ ना, सर म्हणतात एकच निघालंय."

एकूण वीस तुलना होत्या. वीस वेळा टी मूल्य काढलेलं. त्यातल्या एकोणीस ठिकाणी 'फरक सार्थक नाही', आणि एका ठिकाणी ०.०५ पातळीवर सार्थक. ग्रामीण मुलींची परीक्षेची चिंता शहरी मुलींपेक्षा जास्त. सरांचा सल्ला असा की बाकीचं एवढं पसरवायची गरज नाही. प्रबंधाचं शीर्षकच ग्रामीण मुलींच्या चिंतेवर घ्या, गृहीतक तसं लिहा, आणि तो एक तक्ता नीट मांडा. पुढे त्यावर एक पेपरही निघेल.

सर वाईट नाहीत हे आधीच सांगतो. ते तिला मदतच करत होते. त्यांना त्यांच्या सरांनी असंच शिकवलं असणार.

पण गंमत (?) बघा. ०.०५ म्हणजे काय? खरा फरक काहीच नसताना, नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता वीसात एक. आणि पोरीने तुलना किती केल्या? वीस. निघाला किती ठिकाणी? एका. म्हणजे खानदेशातल्या सगळ्या मुलामुलींची चिंता अगदी तंतोतंत सारखी असती, तरीही साधारण हाच तक्ता दिसला असता.

तिला हे पटेना. तोंडी सांगून पटण्यासारखं नाहीच ते, मला पण कॉलेजात पटलं नव्हतं. मग पायथनमध्ये पंधरा ओळी लिहिल्या. खोटे विद्यार्थी, खोटे गुण, सगळे एकाच पिशवीतून काढलेले, म्हणजे फरक नाही हे आपणच ठरवलेलं. त्यावर वीस तुलना करायच्या. असे एक हजार खोटे प्रबंध. दर शंभरातल्या चौसष्टच्या आसपास प्रबंधांत निदान एक तरी 'सार्थक' निष्कर्ष निघत होता. (तिच्या तुलना एकमेकांत गुंतलेल्या आहेत, त्यामुळे तिचा खरा आकडा थोडा वेगळा येईल. पण मुद्दा तोच.) ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी न जाताही हा प्रबंध झाला असता?"

मावशी मधेच म्हणाली, "तुले काय समजस रे त्यामा? सर म्हणतस ते कर म्हना तिले." आणि ताकाचे ग्लास ठेवून गेली.

हा ०.०५ आला कुठून हेही तिला माहीत नव्हतं, आणि यात तिचा दोष नाही, पुस्तकात तो वेदवाक्यासारखा छापलेला असतो. रोनाल्ड फिशर नावाचा इंग्रज गृहस्थ १९१९ पासून रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होता. खत घातलेला वाफा आणि न घातलेला वाफा, यात दिसणारा फरक खताचा की जमिनीचा, हा त्याचा रोजचा प्रश्न. १९२५ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि त्यात 'वीसात एक' ही रेघ सोयीची म्हणून त्याने वापरली. सोयीची! आणि त्याच्या डोक्यात असं होतं की नीट केलेला प्रयोग पुन्हा पुन्हा करून दर वेळी असाच निकाल मिळाला, तर मग काही म्हणता येईल. आमच्या रावेरच्या मामांना हे न शिकवता कळतं. एका हंगामात मृगबागेच्या दोन ओळींत केळीचे घड जोरदार लागले म्हणून ते नव्या खतावर लगेच विश्वास ठेवत नाहीत. "पुढच्या वर्षी दुसऱ्या शेतात टाकून बघू," म्हणतात. (पत्रिकेच्या बाबतीत मात्र हेच मामा 'पुढच्या वर्षी' म्हणत नाहीत. असो.)

शेतातून ही रेघ मानसशास्त्रात आली आणि तिथे ती उंबरठा झाली. आत आलात तर पेपर छापून येणार, बाहेर राहिलात तर कपाटात. मग माणसं उंबरठा कसा ओलांडायचा याच्या युक्त्या शोधणार नाहीत तर काय करतील? नको ती माणसं वगळा, अजून दहा जण घ्या, दुसरं मोजमाप वापरून बघा, मुली वेगळ्या काढा. यातली एकही गोष्ट खोटेपणा वाटत नाही हीच अडचण आहे. आमच्याकडे ऑफिसात वेगळं काही चालत नाही. वेबसाइटवर निळं बटण की हिरवं बटण अशी चाचणी लावायची आणि प्रॉडक्टवाल्याने रोज सकाळी चहा घेत घेत आकडे उघडून बघायचे. ज्या दिवशी हिरवं पुढे दिसेल त्या दिवशी चाचणी बंद, केक कापा.

या सगळ्याचा कडेलोट झाला तो २०११ मध्ये, आणि तोही भविष्य बघण्यावरूनच. डॅरिल बेम हे कॉर्नेल विद्यापीठातले नावाजलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी नऊ प्रयोग, हजाराहून जास्त माणसं, आणि अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकात निबंध छापला, की माणसांना पुढे घडणाऱ्या गोष्टीची आधीच थोडी चाहूल लागते. पहिल्या प्रयोगात दोन पडद्यांपैकी कोणत्यामागे चित्र येणार ते ओळखायचं होतं. कामुक चित्रांच्या बाबतीत ५३.१ टक्के उत्तरं बरोबर. पन्नासच्या जागी त्रेपन्न. नवातल्या आठ प्रयोगांत निकाल सार्थक. सगळं रीतसर, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. आणि म्हणूनच लोक हादरले. कारण जी रीत वापरून भविष्यज्ञान सिद्ध होतं, तीच वापरून बाकीचं मानसशास्त्रही सिद्ध झालेलं होतं. ब्रिटनमधल्या तिघांनी बेम यांचा एक प्रयोग पुन्हा केला, काही निघालं नाही, निबंध त्याच नियतकालिकाकडे पाठवला. उत्तर आलं की आम्ही पुनरावृत्तीचे प्रयोग छापत नाही! शेवटी २०१२ मध्ये तो दुसरीकडे छापून आला. त्याच २०११ साली सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन या तिघांनी मुद्दाम त्याच युक्त्या वापरून असं 'सिद्ध' करून दाखवलं की बीटल्सचं एक विशिष्ट गाणं ऐकलं की माणसाचं वय दीड वर्षाने कमी होतं. वाटतं नव्हे, होतं.

मग २०१५ मध्ये मोठा हिशोब झाला. तीन नामांकित नियतकालिकांत २००८ साली (हो, आपल्या पुण्याच्या पत्रकार परिषदेचंच वर्ष) आलेले शंभर अभ्यास वेगवेगळ्या चमूंनी पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते. पुन्हा केल्यावर ३६ टक्के उरले. नियतकालिकं अमेरिकेतली, चमू मोठमोठ्या विद्यापीठांचे. तेव्हा साक्रीला एसटीने जाणाऱ्या मुलीला आणि तिच्या सरांनाच नावं ठेवायचं काही कारण नाही.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे ती नोकरीची. यूजीसीने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकनाला बांधल्या, आणि त्यात छापलेल्या पेपरला गुण. मग पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. मे २०१८ मध्ये यूजीसीने स्वतःच्याच मान्य यादीतून ४३०५ नियतकालिकं काढून टाकली, यावरून पीक किती होतं ते कळावं. सरांना पेपर हवा आहे तो हौसेने नाही.

बरं, आकड्यांचं नुकसान फक्त कागदावर होत असतं तर मीही ताक पिऊन गप्प बसलो असतो. बहिणीच्या विभागात बुद्ध्यंक मोजायची बिने-कामत चाचणी शिकवतात. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी ती बेतली. त्या काळात एकट्या माणसाने केलेलं केवढं प्रचंड काम! पण त्यानंतर अनेक दशकं ती वापरली जात राहिली, म्हणजे टीव्ही बघणाऱ्या मुलाची तुलना कंदिलाच्या उजेडात पाढे म्हणणाऱ्या मुलाशी. आणि त्या एका आकड्यावर कोण विशेष शाळेत जाणार आणि कोणाला कसला दाखला मिळणार हे ठरणार.

ग्रामीण मुलींच्या चिंतेचंही तसंच. उद्या हा निष्कर्ष पेपरात येईल, परवा कोणीतरी व्याख्यानात सांगेल, तेरवा शिरपूरकडच्या एखाद्या बापाला कोणी ऐकवेल की मुलींना परीक्षेचा ताण सोसत नाही, संशोधनात सिद्ध झालंय. ज्या मुलींनी वर्गात बसून ती प्रश्नावली भरून दिली, त्यांच्याच कॉलेजवर येईल ते. बहिणीला नेमकं हेच लागलं. तिच्या गणिती शंकांचं समाधान माझ्या पंधरा ओळींनी केलं असेल-नसेल, पण त्या मुलींमधल्या दोघी तिच्याशी बसस्टँडपर्यंत बोलत आल्या होत्या. "त्यांना मी काय सांगू?" असं ती दोनदा म्हणाली.

आणि एक शक्यता अशीही आहे की फरक खरा असेल. हे विसरून चालत नाही. वीसात एक योगायोगाने निघतो याचा अर्थ निघालेला प्रत्येक योगायोगच असतो असा नाही. खेड्यातून रोज बसने येणारी, घरचं आवरून येणारी, नापास झाली तर पुढच्या वर्षी लग्न ठरलेली मुलगी जास्त घाबरत असेल तर मला नवल वाटणार नाही. मला वाटणं हा पुरावा नव्हे, एवढंच.

मग करायचं काय? रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं हेच बोलत बसलो. पुण्याच्या प्रयोगात कोणाला चुकून अठ्ठावीस मिळालेच असते तर शहाणा माणूस काय करेल? त्याला आणखी चाळीस पत्रिका देईल. फक्त त्याला. तेच इथे. वीसच्या वीस तुलना तक्त्यात ठेवायच्या, 'सार्थक नाही' वाल्या एकोणीससकट. आणि तो एकच प्रश्न घेऊन, दुसऱ्या दोन कॉलेजांत, नव्या मुलींकडे पुन्हा जायचं. किती मुली घ्यायच्या, कोणतं मोजमाप, कोणती चाचणी, किती फरक आला तर फरक म्हणायचा, हे सगळं जायच्या आधी कागदावर लिहायचं आणि तारीख घालून सरांना मेल करून ठेवायचा. परदेशात याला आता रीतसर नोंदणी असते. धुळ्यात मेल पुरे.

सोमवारी ती सरांकडे गेली. तिचा फोन आला तेव्हा मी वैतागलेल्या आवाजाची तयारी ठेवली होती. सर म्हणे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, एकोणीस ठिकाणी काहीच नाही असा प्रबंध तोंडी परीक्षेला घेऊन गेलीस तर बाहेरचे परीक्षक विचारतील, मग तू केलंस काय? ती म्हणाली, मी हेच उत्तर देईन की मी वीस वेळा विचारलं. सरांनी मुदत सहा आठवड्यांची दिली आहे. सही करतो म्हणाले नाहीत, करत नाही असंही म्हणाले नाहीत.

इकडे जळगावला माझी स्वतःची पत्रिका सध्या वरपित्याच्या फायलीतून, म्हणजे आमच्या पप्पांच्या, गावभर फिरते आहे. तिथे छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की पास. निम्मे! मी पप्पांना विचारलं, हे अठरा कोणी ठरवले आणि कधी, तर ते म्हणाले जेवायला बस.

बहिणीचे पहिले साठ फॉर्म या आठवड्यात भरून झालेत. अजून तितकेच बाकी आहेत. मधे आकडे उघडून बघायचे नाहीत असं ठरलंय, त्यामुळे फाईलचा पासवर्ड माझ्याकडे आहे, आणि ती रोज रात्री एकदा तरी तो मागते.